चोवीस मीटर चाळीस

१४ ऑक्टोबर, सोमवार. चार अंश. पाऊस.

मोजायला बाहेरचा माणूस हवा म्हणे! सरकारी मोजणीदार! तिपाईवाला! वीस वर्षं स्केटिंगचा तो बर्फाचा गोल मी आखतेय. त्याआधी बाबा आखायचे. आमच्याच बर्फावर आपटून आपटून हे साहेब देशाचे चॅम्पियन झाले ना? आणि आता साहेबांचीच अट – सहा जानेवारीची शर्यत घरच्या मैदानात पळेन, पण आधी गोल परक्या माणसाकडून मोजून घ्या. सगळा, दोन्ही वळणांसकट.

कोण मागतोय मोजणी? हिल्डिंग! माझा सख्खा भाऊ! आई गेली तेव्हा दोन वर्षांचा होता, मी एकोणीसची. ढुंगण धुतलंय मी त्याचं.

फोल्केनं ते पत्र दुकानात सगळ्यांदेखत वाचलं. क्लबाचा अध्यक्ष ना तो, खिळे-कुलपं विकता विकता मिरवायला त्याला एवढंच आहे. "तोराबाई, मनाला लावून घेऊ नका. माणूस मोठा झाला की अटी घालतोच."

"मोठा? माझ्या कमरेएवढा होता तो!" म्हटलं न् निघून आले.

चार वर्षं घरात पाऊल नाही त्याचं. नाताळला कार्ड येतं, त्यावर अक्षर बायकोचं. आणि आता येतोय तर हे असं!

ही वही खरं तर थंडी लिहायची. किती अंश, वारा कुठला, बर्फ किती बोटं. बाबांची शिस्त. बाकी काही लिहायचं नसतं हिच्यात. पण सांगू कुणाला? सिक्स्टेनला सांगितलं तर बटाटा सोलता सोलता म्हणतो, "मोजू दे की." नवरा आहे का दाराचा खांब!

१५ ऑक्टोबर, मंगळवार. पाच. पाऊसच.

धुलाईघरातून फोन लावला त्याला. चादरी उकळत ठेवल्या आणि लावला.

"माझ्यावर विश्वास नाही का रे तुझा?"

म्हणतो, "ताई, या वेळी सगळं स्वच्छ असू दे. एवढंच मागतो."

स्वच्छ! मला सांगतो स्वच्छ! अख्ख्या कागद गिरणीच्या कामगारांच्या चादरी धुते मी!

"घरी का येत नाहीस?"

"शर्यती असतात."

"उन्हाळ्यातसुद्धा?"

त्यानं फोन ठेवला. मी ठेवायच्या आधी!

१९ ऑक्टोबर, शनिवार. तीन. ढग.

सोलवेगचं पत्र. भावजय आपणहून कधी लिहीत नाही, तर चांगली चार पानं. "ताई, तुम्हीच काही करा. माझं ऐकत नाहीत."

गेल्या फेब्रुवारीत नॉर्वेत दहा हजार मीटर पळून बाकावर बसला तो उठेचना. तोंडातून रक्त. डॉक्टर म्हणाला, छाती थकलीय, लांब पल्ला सोडा, नाहीतर एक दिवस बर्फावरच राहाल. आणि हा पठ्ठ्या पहाटे पाठीवर पोत्यात दगड घेऊन टेकडी चढतो. तिला म्हणतो, "एकदाच गं. सगळ्यांसमोर. सोळा-तीनच्या आत. मग स्केट चुलीत घालतो."

सोळा मिनिटं तीन सेकंद. चार वर्षांपूर्वी, इथंच, माझ्या बर्फावर. उणे चौदा, पानसुद्धा हलत नव्हतं. देशाचा विक्रम! त्याआधीचा विक्रम एकलुंदचा, सोळा-सहा. उत्तरेकडचा उंच, घुम्या माणूस. तोही त्या दिवशी पळायला आलेला. विक्रम हातचा गेला तर निमूट माझ्याकडे आला, हातमोजा काढून हात दिला. "बाई, बर्फ चांगला होता." तेवढंच बोलला. त्यानंतर कधी पळालाच नाही. कुठल्याशा करवतगिरणीत ओंडके मोजतो म्हणतात.

हिल्डिंग मात्र जगभर पळाला, पदकं आणली. पण सोळा-तीन पुन्हा नाही. नॉर्वेत रक्त ओकला तेव्हा सोळा-पाच, तेच सगळ्यांत जवळ. पेपरवाले लिहितात, उतरणीला लागला. बत्तीस वर्षांचा पोरगा, उतरणीला! आपल्याच वेळेमागं धावतोय, कुत्रं शेपटीमागं धावतं तसं.

काय करू मी? तोंड फाटकं माझं, पण तो समोर यायला नको का?

२७ ऑक्टोबर, रविवार. एक. कोरडं, ऊन.

सिक्स्टेननं गिरणीतून पोलादी टेप आणला. मीच आणायला लावला. म्हटलं, तो तिपाईवाला यायच्या आधी मीच मोजते, आणि मग त्याच्या नाकावर टिच्चून उभी राहते – शोध बाबा चूक, शोध!

दोन्ही वळणांच्या मध्यावर बाबांनी रोवलेला लोखंडी खुंट आहे. खुंटापासून वळणाच्या खुंट्या पंचवीस मीटरवर. एका वळणाला नऊ. हिवाळ्यात त्या खुंट्यांवरून मी बर्फाची आतली कड घालते. कड नीट तर गोल नीट. चारशे मीटर म्हणजे चारशे.

चर्चकडच्या वळणाला टेप लावला. पंचवीस. पंचवीस. पंचवीस. नऊच्या नऊ! सिक्स्टेनला म्हटलं, "बघ! डोळे फाडून बघ!"

मग गिरणीकडचं वळण. सिक्स्टेन खुंटाशी, मी खुंटीशी.

चोवीस चाळीस.

म्हटलं, टेप पिळलाय. सोडला, पुन्हा ताणला. चोवीस चाळीस. पुढची खुंटी, चोवीस चाळीस. नऊच्या नऊ!

सिक्स्टेननं टेप गुंडाळायला घेतला. खांबच तो. पण माझ्याकडे बघत नव्हता.

२८ ऑक्टोबर, सोमवार. दोन.

हिशेब मला जमत नाही, सहा यत्ता शाळा माझी. म्हणून सुतळी घेतली. पंचवीसच्या रेषेवर अख्ख्या वळणाला अंथरली, मग चोवीस चाळीसच्या. जी उरली ती मोजली. दोन मीटरला चार बोटं कमी. एका फेरीला एवढी. दहा हजार मीटरला पंचवीस फेऱ्या. उरलेली सुतळी पंचवीस वेळा जमिनीवर टाकत चालले. मैदानाच्या शेडच्या दारापासून निघाले ती सुरुवातीच्या रेषेपाशी थांबले. सत्तेचाळीस मीटर!

एवढं अंतर तो साडेचार सेकंदांत कापतो. म्हणजे त्या दिवशी खरे झाले सोळा-साडेसात. एकलुंदचे सोळा-सहा. विक्रम झालाच नव्हता.

आणि गावची पोरं! इथं वाघ, बाहेर गेली की शेळ्या. दरवर्षी फोल्के म्हणायचा, "प्रवासाचा शीण, तोराबाई." शीण कसला डोंबलाचा!

पण खुंट्या हलल्या कशा? थंडीनं जमीन फुगते, खुंट्या वर येतात, हे ठाऊक आहे. पण नऊच्या नऊ सारख्याच आत? थंडी काय टेप घेऊन येते?

३० ऑक्टोबर, बुधवार. चार. पाऊस.

झोप नाही. चादरीला डाग राहिला म्हणून मुकादम ओरडला. ओरडू दे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. तीन. दिवसभर पाऊस.

सापडलं. न सापडतं तर बरं होतं.

सकाळी वाळत घातलेले कपडे काढायला धावले. पाऊस सणसणीत. आणि रोजच्या सवयीनं दोरीची गाठ सैल केली. धुणारी बाई पावसात दोरी आधी सैल करते. न करून सांगते कुणाला? तागाची दोरी भिजली की आखडते, खांब उपटते. चार वर्षांची पोरगीसुद्धा सांगेल.

गाठ हातात तशीच राहिली माझ्या.

पाच वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. गटारासाठी गिरणीकडचं वळण खणलं होतं, खुंट्या उपटून कडेला टाकलेल्या. लावायच्या होत्या मला. पाऊस असाच. फोल्के म्हणाला, "थांबा दोन दिवस, उघडीप होऊ दे." मी म्हटलं, मला काय दुसरी कामं नाहीत? धुलाईघरात ढीग पडलाय! बाबांचा दोर घेतला, पंचवीस मीटरवर बाबांनी स्वतः गाठ मारलेला, आणि अर्ध्या दिवसात नऊ खुंट्या ठोकून मोकळी झाले. दोर निथळत होता. माझे हात निथळत होते. दोरी सैल करणारे हेच हात!

दुपारी बाबांचा दोर काढला. सुका मोजला – पंचवीस. टबात बुडवला, तासाभरानं ताणला. चोवीस चाळीस. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही.

३ नोव्हेंबर, रविवार. उणे एक.

फोल्केच्या घरी गेले. बायकोला म्हटलं, कॉफी नको, बाहेर जा. गेली बिचारी. सगळं सांगितलं.

फोल्के पांढरा पडला, मग लाल झाला, मग खुर्ची जवळ ओढली. "कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"तुला, मला, सिक्स्टेनला."

"मग तिघांतच राहू दे. सिक्स्टेन तर काय, दगड. मोजणीदार शनिवारी येतोय. तोवर खुंट्या बाहेर घ्या. तो मोजेल, चारशे भरतील, शिक्का मारेल. मागचं कोण उकरतंय?"

"एकलुंदचं काय?"

"एकलुंद चार वर्षं बर्फावर उतरला नाही. त्याला काय फरक पडतो?"

"त्यामुळंच नाही उतरला, गाढवा!"

"हळू! तोराबाई, हिल्डिंगला नोकरी कशावर मिळाली? घर कशावर मिळालं? शाळेतल्या पोरांच्या वह्यांवर त्याचा फोटो आहे. एका दोरीपायी उघडं पाडणार त्याला? आई तुम्ही त्याची."

बहीण, म्हटलं. आणि उठले.

त्याच्या दुकानाच्या काचेत हिल्डिंगचा फोटो आहे. मैदानाच्या शेडवरची ती मोठी फळीसुद्धा फोल्केनंच रंगवलीय – १६:०३. रोज सकाळी तिच्यावरचं हिम मीच झटकते.

५ नोव्हेंबर, मंगळवार. उणे तीन.

खुंट्या काढल्या. पुन्हा ठोकल्या. टेपनं. जमीन आत्ताच बोटभर कडक झालीय, एकेक खुंटी उपटताना दात निघाल्यासारखा आवाज. जुनी भोकं मातीनं बुजवली, पायानं दाबली. चोरासारखी.

९ नोव्हेंबर, शनिवार. उणे दोन.

मोजणीदार आला. कोवळा पोरगा, कान लाल. दिवसभर तिपाई इकडे, तिपाई तिकडे. शेवटी टोपी काढून म्हणतो, "बाई, इतका अचूक गोल मी पाहिला नाही. कुणी आखला?"

फोल्के म्हणाला, "आमच्या तोराबाईंनी! बापाच्या दोरानं, नुसत्या हातानं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या संपायच्या आत घरी निघून आले.

१ डिसेंबर, रविवार. उणे नऊ. वारा नाही.

पहिलं पाणी घातलं. आठ वेळा, पातळ पातळ. नळीचं तोंड दोनदा गोठलं. बर्फ दोन बोटं.

हे काम बरं. पाणी टाकताना दुसरं काही मनात येत नाही. आज तेही आलं.

सांगायचं तर त्यालाच आधी सांगायचं. पेपरला नाही, फोल्केला नाही. आणि एवढंच सांगायचं नाही. नॉर्वेतले सोळा-पाच खरे आहेत! सोळा-सहापेक्षा कमीच ना? म्हणजे विक्रम त्याचाच आहे, फक्त इथला नाही, तिथला. ज्या दिवशी रक्त ओकला त्याच दिवशी जिंकला होता! उतरणीला कुठं लागलाय? दरवर्षी चढतोयच. हे ऐकलं की थांबेल. थांबायलाच हवा.

मारेल का मला? मारू दे.

१३ डिसेंबर, शुक्रवार. उणे बारा.

लुसियाच्या सणाच्या सकाळीच आला. शेजारच्या पोरी डोक्यावर मेणबत्त्या घेऊन दारात गात होत्या, त्यांच्या मागं कुणी उभं दिसलं. पिशवी खांद्याला. मला वाटलं पोस्टवाला. गाल आत गेलेत, मान कोंबडीसारखी.

"आत ये. दार उघडं ठेवू नकोस, उष्णता जाते." चार वर्षांनी हे बोलले मी! जीभ का काय ही.

तो हसला. "तू तशीच आहेस, ताई."

केशराचे पाव पुढ्यात ठेवले. एक कुरतडला. लहानपणी सहा खायचा, त्यावरचे बेदाणे आधी काढून.

"मोजणी झाली?" पहिला प्रश्न हाच.

"झाली. चारशे. एक बोटसुद्धा कमी नाही."

त्यानं सुटल्यासारखा श्वास टाकला. "बरं झालं, ताई. फार बरं झालं." आणि दुसरा पाव घेतला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण खात होता. खाताना कसं सांगू?

१४ डिसेंबर, शनिवार. उणे चौदा.

ऊन पाण्याचा शेवटचा हात फिरवला. काचेसारखा झालाय. सकाळी तो उतरला. मी शेडच्या खिडकीतून बघत होते. हात पाठीवर, नाक गुडघ्याला टेकेल इतका वाकलेला. थकला असला तरी असा सरकतो की आवाजच येत नाही, नुसती सुरीनं कापड फाडल्यासारखी खस्स.

लहानपणी वळणात पावलं मोठ्यानं मोजायचा. मीच शिकवलेलं, घाबरू नये म्हणून. सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मोठा झाल्यावर गिरणीकडे सतरा, चर्चकडे सतरा. एक कमी नाही, एक जास्त नाही. आता मोठ्यानं मोजत नाही, पण ओठ हलतात.

१९ डिसेंबर, गुरुवार. उणे अकरा. थोडा वारा, गिरणीकडून.

गुरुवार म्हणून वाटाण्याचं सूप. सिक्स्टेन गिरणीत. दोघंच होतो. म्हटलं, आत्ता.

"हिल्डिंग, ते सोळा-तीन –"

"त्याचं नाव काढू नकोस."

"अरे पण ऐक तरी –"

"ताई." चमचा खाली ठेवला. सूप दूर सारलं. "सहा तारखेला मी ते पळणार. चारशे मीटरच्या गोलावर, सगळ्यांसमोर. मग ते माझं होईल. मग बोल काय बोलायचं ते."

"आणि त्याआधी मेलास तर?"

"तर मेलो."

थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही. घिरडं वाढलं, वर मुरांबा. मी, जी सगळ्या गावाला तोंडावर सुनावते, ती घिरडं वाढत बसले!

२२ डिसेंबर, रविवार. उणे तेरा. वारा नाही.

आज पूर्ण दहा हजार पळाला. एकटा, शर्यतीसारखा. फोल्के स्टॉपवॉच घेऊन, मी फेऱ्यांची पाटी घेऊन. पहिल्या फेऱ्या सुरेख. गिरणीकडच्या वळणातून पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा ओठ हलताना दिसले – सतरा. आणि हसला! भर शर्यतीत हसतो का कुणी? मला कळलं नाही.

पंधराव्या फेरीपासून पाय जड. विसाव्याला तोंड उघडं. शेवटची घंटा मीच वाजवली. वाजवायला नको होती. सोळा-अकरा. रेषेपुढं गुडघ्यावर आला, बर्फावर थुंकला. लाल.

धावत गेले, घसरले, पडले, तशीच रांगत पोचले. ओठ निळे. छातीला कान लावला तर आत सुसाट घोडा, मध्येच अडखळणारा.

"पुरे झालं!" मी ओरडले. "ऐकतोस का? पुरे!"

"सहा तारखेला," तो म्हणाला. "तेव्हा होईल."

फोल्के जवळ आला न् माझ्या कानात पुटपुटला, "अजून दोन आठवडे आहेत. बघा, गिरणीकडची कड जरा आत घेता येईल. मोजणी तर झालीय. कोण बघतंय? पोराचा जीव वाचेल."

पाटी त्याच्या अंगावर फेकली मी. लागली. बरं झालं.

पण देवाशपथ, एक क्षण वाटलं – घ्यावी का आत? ढीगभर हिम, फावडं, अर्धा तास. तो सोळा-दोन पळेल, स्केट चुलीत घालेल, जगेल. एक क्षण वाटलं. इथं लिहून ठेवते, म्हणजे मी स्वतःला फार चांगली समजायला नको.

२४ डिसेंबर, मंगळवार. उणे दहा. हिम.

सांगितलं.

शेडमध्ये पाती परजत होता. दोन्ही स्केट लाकडी चिमट्यात उलटे, हातात दगड, खर्र-खर्र. घरी नाताळचं हॅम ओव्हनमध्ये. मी दारातूनच बोलले, आत गेले नाही. आत गेले असते तर पुन्हा घिरडं वाढत बसले असते.

"त्या वर्षी गोल तोकडा होता. गिरणीकडचं वळण. चोवीस चाळीस. फेरीला दोन मीटर कमी. तू विक्रम केला नव्हतास, हिल्डिंग. चूक माझी."

दगड थांबला. वर बघितलं नाही त्यानं.

मी बोलत सुटले. दोर, पाऊस, बाबांची गाठ, कपड्यांची दोरी, टब, मोजणीदार यायच्या आधी चोरून हलवलेल्या खुंट्या, फोल्के, सगळं. नॉर्वेचे सोळा-पाच खरे आहेत, विक्रम तुझाच आहे, कशाला जीव देतोस, तेही. कधी एवढी सलग बोलले नसेन.

तो अगदी हळू म्हणाला – "दोर ओला होता?"

"निथळत होता. मला घाई होती."

"म्हणजे तू मुद्दाम –"

"मुद्दाम काय?"

त्याचा चेहरा असा झाला की मला बाबांना शवपेटीत ठेवलं तो दिवस आठवला. उठला. स्केट चिमट्यातच राहिले. मी दारात उभी, तर मला भिंतीशी सारून गेला. हळूच सारलं, पण सारलं. दोनच्या बसनं गेला. पिशवी न घेता.

ताटं तीन मांडली होती. सिक्स्टेननं एक उचलून ठेवलं.

२५ डिसेंबर, बुधवार. उणे पंधरा.

हॅम कुणी खाल्लं नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार. उणे सोळा. वारा नाही.

सोलवेगला फोन केला. घरी आहे. बोलत नाही, खोलीत बसून आहे. "काय बोललात ताई तुम्ही त्यांना?" खरं बोलले, म्हटलं.

मग शेडवर शिडी लावली. फळीचे स्क्रू गंजलेले, दोन तुटले. सिक्स्टेन मागून आला. वाटलं, थांबवतोय. तर खालून शिडी धरून उभा राहिला. "डावीकडचा आधी सोड," म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं शहाणं वाक्य पहिलंच.

१६:०३ आता स्वयंपाकघरात पडलीय, उताणी. मग त्याच टेबलावर बसून एकलुंदला पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. "तुमचा विक्रम माझ्या ओल्या दोरानं घेतला. सहा तारखेला या. सगळ्यांसमोर सांगणार आहे." माफी कशी लिहितात ते येत नाही मला, म्हणून लिहिली नाही. तोंडानं मागेन.

फोल्के दाराशी येऊन हात जोडून गेला. एकट्या बाईचं कोण ऐकणार, म्हणाला. हिल्डिंग उभा राहिल्याशिवाय कोणी विश्वास ठेवणार नाही, भावाबहिणीचं भांडण म्हणतील.

खरं आहे ते. पण हिल्डिंग मला जन्मात तोंड दाखवायचा नाही.

२८ डिसेंबर, शनिवार. उणे आठ.

पत्र. त्याचं स्वतःचं अक्षर. "ताई, मला त्या दिवशी दुसऱ्याच फेरीत कळलं होतं. गिरणीकडे सतराच्या जागी सोळा पावलं झाली. वाटलं, माझ्यासाठी तू मुद्दाम कड आत घेतलीस. तुझं नाव जाऊ नये म्हणून गप्प बसलो, आणि तुझ्यासमोर यायची लाज वाटायची म्हणून आलो नाही. एकदा ती वेळ खरी पळून दाखवली की चोरी पुसली जाईल असं वाटलं. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

चोर समजलास मला! चार वर्षं! आणि चोर समजून माझ्यापायी रक्त ओकत राहिलास, गाढवा!

पोस्ट बंद व्हायच्या आत उत्तर टाकलं: आहे त्याच तोंडानं ये. स्केट घरी ठेव. एकलुंदला बोलावलंय. सहा तारखेला सगळ्यांसमोर बाबांचा दोर टबातून काढून खुंटापासून ताणणार आहे. एक टोक मी धरेन. दुसरं तू धरणार का नाही, ते शुक्रवारपर्यंत, म्हणजे तीन तारखेपर्यंत, मला कळव.